चित्राच्या पट्ट्या आणि आवाजाच्या खुंट्या

संगणकावर चित्रपट पाहणाऱ्या बहुतेकांनी मीडिया प्लेअरमधील 'इफेक्ट्स' नावाची खिडकी कधी ना कधी उघडलेली असते. व्हीएलसी या प्लेअरचे उदाहरण घेतले, तर तेथे 'इमेज ॲडजस्ट' असा एक चौकोन आहे. त्यात खूण केली की ह्यू, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन आणि गॅमा अशा पाच पट्ट्या जाग्या होतात. शेजारच्या पानावर इक्वलायझरच्या दहा उभ्या पट्ट्या दिसतात. पाहणारा त्यांपैकी एखादी इकडेतिकडे सरकवतो, चेहरे हिरवे किंवा जांभळे झालेले पाहून हसतो, आणि सारे पुन्हा पहिल्या जागी आणून खिडकी बंद करतो. या पट्ट्या तेथे का आहेत, पाचच का आहेत, आणि त्यांची 'पहिली जागा' कोणी ठरवली, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

विचारले, तर उत्तर बरेच मागे जाते. यांतील जवळजवळ प्रत्येक पट्टी म्हणजे कोणत्या तरी यंत्राच्या एखाद्या दोषाची आठवण आहे. ती यंत्रे आता बहुतेक अडगळीत गेली. दोष गेले, उपाय मात्र राहिले. म्हणून कोणत्या पट्टीला हात लावावा आणि कोणत्या पट्टीला लावू नये, हे ठरवायचे झाले तर तिच्या जन्माची कथा ठाऊक असावी लागते. हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. जुने चित्रपट आज ज्या रूपात आपल्यापुढे येतात ते रूप खरे की बिघडलेले, हे ओळखण्याचा तो प्रश्न आहे.

दोन खुंट्या आणि त्यांची चुकीची नावे

दूरचित्रवाणीच्या जुन्या संचात काचेची एक मोठी नळी असे. नळीच्या मागच्या टोकातून निघणारा इलेक्ट्रॉनांचा झोत समोरच्या लेपावर आदळून चित्र उमटवी. या झोताला आधारभूत दाब किती द्यायचा, हे एक खुंटी ठरवी. आलेला संकेत किती पट वाढवायचा, हे दुसरी खुंटी ठरवी. पहिलीचे नाव पडले ब्राइटनेस, दुसरीचे कॉन्ट्रास्ट.

ही नावे दिशाभूल करणारी आहेत. ब्राइटनेसची खुंटी मुख्यतः काळा रंग कोठे सुरू होतो ते ठरवी. ती वाढवली की चित्र उजळ होण्याऐवजी काळ्याचा राखाडी होई. कमी केली की अंधारातले तपशील बुडून जात. चित्रातील पांढरा किती झळाळेल, म्हणजे सामान्य माणूस ज्याला उजेड म्हणेल, ते ठरवी कॉन्ट्रास्टची खुंटी. दिवसा खिडकीतून येणारा प्रकाश, रात्रीचा दिवा, वयोमानाने थकत जाणारी नळी, या साऱ्यांमुळे दोन्ही खुंट्या अधूनमधून फिरवाव्या लागत. तो यंत्राच्या देखभालीचाच एक भाग होता.

याच संचांवर आणखी दोन खुंट्या असत : 'व्हर्टिकल होल्ड' आणि 'हॉरिझाँटल होल्ड'. चित्र वरखाली पळू लागले किंवा तिरके फाटू लागले, की घरातील कोणी तरी उठून या खुंट्या हलक्या हाताने फिरवी आणि बाकीचे 'थांब, थांब, आता बरोबर आहे' असे ओरडत. संचातील मंडले सुधारली, चित्र आपोआप स्थिर राहू लागले आणि या खुंट्या नाहीशा झाल्या. कोणत्याही मीडिया प्लेअरमध्ये 'होल्ड'ची पट्टी नाही. म्हणजे संचाच्या साऱ्याच खुंट्या संगणकावर आल्या नाहीत. ज्यांच्याशी पाहणाऱ्याची आवडनिवड जोडली गेली होती त्याच आल्या.

संगणकात मात्र त्यांचा अर्थ बदलला. फाइलमधील चित्र हे आकड्यांचे बनलेले असते. बहुतेक फाइलींत प्रत्येक घटकाला २५६ पायऱ्या असतात. ब्राइटनेसची पट्टी सरकवली की हे आकडे एकसारखे वर किंवा खाली ढकलले जातात. वरच्या टोकाला पोहोचलेले तेथेच चेंगरतात आणि त्यांच्यामधील फरक पडद्यावर पुसला जातो. पायऱ्या ताणल्या की मध्ये फटी पडतात, आणि निरभ्र आकाशात जिन्यासारखे पट्टे दिसू लागतात. जुनी खुंटी यंत्राला चित्रासाठी तयार करीत होती. नवी पट्टी चित्रालाच हात घालते.

ह्यू : अमेरिकेतून आलेली पट्टी

पाच पट्ट्यांपैकी पहिली, ह्यू, ही भारतीय प्रेक्षकाला सर्वांत परकी आहे. त्याचे कारण ऐतिहासिक आहे.

अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीची एनटीएससी पद्धत १९५३ च्या डिसेंबरात मंजूर झाली. घरोघरी असलेले कृष्णधवल संच निकामी होऊ नयेत, ही तिची मुख्य अट होती. म्हणून कृष्णधवल संकेत होता तसाच ठेवून त्यावर सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झची एक उपलहर बसवण्यात आली आणि रंग तिच्यात भरला. या लहरीची उंची म्हणजे रंगाचा गडदपणा, आणि तिची कला, म्हणजे ती चक्रात किती पुढे वा मागे आहे ते, म्हणजे रंगाची जात. पहिल्याला आपण सॅच्युरेशन म्हणतो, दुसऱ्याला ह्यू. मीडिया प्लेअरमधील या दोन पट्ट्या म्हणजे सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या एका लहरीची दोन मापे आहेत.

योजना चतुर होती, पण नाजूक होती. प्रक्षेपणाच्या वाटेत लहर किंचित मागेपुढे झाली की रंगाची जातच बदले. माणसाचा चेहरा कधी हिरवट, कधी जांभळट दिसे. म्हणून अमेरिकन संचांवर 'टिंट' किंवा 'ह्यू' ही खुंटी अत्यावश्यक ठरली. एनटीएससी या आद्याक्षरांचा 'कधीच तोच रंग नाही' अशा अर्थाचा विनोदी विस्तार तेथील तंत्रज्ञांत रूढ झाला होता.

जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीत वॉल्टर ब्रुख याने १९६० नंतरच्या वर्षांत या दोषावर उपाय शोधला. एका ओळीत लहर सुलट, तर पुढच्या ओळीत तिचा एक घटक उलट पाठवायचा. वाटेत चूक झाली तर ती दोन ओळींत परस्परविरुद्ध दिशेने होते आणि सरासरीत फिटते. रंग थोडा फिका पडेल, पण बदलणार नाही. हीच पाल पद्धत. पश्चिम जर्मनीत ती १९६७ साली सुरू झाली. भारताने रंगीत प्रक्षेपणासाठी हीच पद्धत निवडली, आणि १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झाले.

परिणाम असा, की येथील प्रेक्षकाला ब्राइटनेस ठाऊक होता, कॉन्ट्रास्ट ठाऊक होता, 'कलर'ची खुंटी ठाऊक होती. पण ह्यूची गरज कधी पडली नव्हती. पुढे दोन्ही पद्धती चालणारे संच आले, तेव्हा त्यांच्या यादीत 'टिंट' दिसे खरे, पण एरवी ते निष्क्रिय असे. संगणकाबरोबर ही पट्टी आपल्याकडे आली ती अमेरिकन सवयींच्या सामानातून. फाइलमधील चित्राला उपलहरच नसते, त्यामुळे ती वाटेत सरकण्याचा प्रश्न उरत नाही. ही पट्टी आता ज्या रोगाचे औषध होती तो रोगच नाही.

हे प्लेअर लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आलेले दिसते. हंगेरीतील आर्पाद गेरेऑफी याने २००० साली सुरू केलेल्या एमप्लेअरमध्ये कळफलकावरील १ ते ८ या आकड्यांवर अनुक्रमे कॉन्ट्रास्ट, ब्राइटनेस, ह्यू आणि सॅच्युरेशन यांच्या जोड्या होत्या. त्याच घराण्यात पुढे जन्मलेल्या एमपीव्ही या प्लेअरने मांडणी तीच ठेवली, फक्त ५ आणि ६ वरून ह्यू काढून तेथे गॅमा बसवला. दोन कळांचा हा बदल किरकोळ वाटेल, पण त्यात एका युगाचा निरोप आहे.

गॅमा : दोष जो नियम झाला

काचेच्या नळीचा आणखी एक स्वभाव होता. दाब दुप्पट केला म्हणून प्रकाश दुप्पट होत नसे. तो साधारणपणे दाबाच्या सव्वादोन ते अडीच घाताच्या प्रमाणात वाढे. या घातांकाला गॅमा म्हणतात. प्रत्येक घरातील संचात ही वक्रता सरळ करणारे मंडल बसवणे महाग पडले असते. म्हणून उलटी वक्रता कॅमेऱ्याच्या टोकालाच द्यावी, म्हणजे संच स्वस्त राहील, असे ठरले. योगायोग असा, की मानवी डोळाही अंधारातील फरक उजेडातील फरकांपेक्षा बारकाईने टिपतो. त्यामुळे ही तडजोड आकड्यांच्या काटकसरीलाही सोयीची निघाली.

नळ्या गेल्या, सपाट पडदे आले. या पडद्यांना ती वक्रता स्वभावतः नाही. तरीही साऱ्या जगाचे चित्रभांडार नळीला गृहीत धरून बनलेले असल्याने सपाट पडदा नळीचे सोंग घेतो. २०११ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रमाण पडद्यासाठी २.४ हा घातांक नमूद केला, तोही नळीच्या वागणुकीवरून. एके काळचा दोष असा नियम होऊन बसला.

याच जातीचा दुसरा वारसा अधिक त्रासदायक आहे. १९८२ साली अंकीय दूरचित्रवाणीची शिफारस तयार झाली, तेव्हा काळ्यासाठी ० ऐवजी १६ आणि पांढऱ्यासाठी २५५ ऐवजी २३५ हे आकडे धरले गेले. संकेत किंचित हेलकावला तरी कापला जाऊ नये म्हणून दोन्हीकडे समास सोडला होता. संगणकाचा पडदा मात्र ० ते २५५ असा मोजतो. प्लेअरने किंवा ग्राफिक्स कार्डाने मधले भाषांतर करायचे असते. ते झाले नाही तर काळा राखाडी दिसतो आणि सारे चित्र धुतल्यासारखे फिके होते. दोनदा झाले तर सावल्या काळ्या डोहात बुडतात. पाहणारा साहजिकच कॉन्ट्रास्टच्या पट्टीकडे धावतो. पण दुखणे चित्रात नसते, मोजपट्टीत असते. ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण-फलकात व्हिडिओसाठी 'डायनॅमिक रेंज' अशी स्वतंत्र निवड असते. ती आधी पाहावी. ती दुरुस्त केली की पट्ट्यांना हात न लावता चित्र जागेवर येते.

संगणकाने या पट्ट्या का स्वीकारल्या

१९९० नंतरच्या दशकातील संगणक चलच्चित्राच्या ओझ्याने वाकत असत. म्हणून ग्राफिक्स कार्डात 'ओव्हरले' नावाची सोय आली. पडद्यावर एका ठरावीक रंगाचा चौकोन रंगवायचा आणि कार्डाने त्या जागी परस्पर चित्रपट बसवायचा. त्या काळी चित्रपटातील दृश्य 'प्रिंट स्क्रीन'ने टिपू पाहणाऱ्यांच्या हाती केवळ काळा चौकोन लागत असे, याचे कारण हेच. या ओव्हरलेला स्वतःचे ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, ह्यू आणि सॅच्युरेशन असे. प्लेअरने त्या चार खुंट्या आपल्या खिडकीत मांडल्या. विंडोज मीडिया प्लेअरच्या 'एन्हान्समेंट्स' पानावरही याच चार पट्ट्या होत्या. विंडोज व्हिस्टापासून (२००७) पडदा रचण्याची रीत बदलली आणि ओव्हरले मागे पडला; पट्ट्या टिकल्या.

व्हीएलसीचा जन्मही असाच आडवाटेचा. पॅरिसजवळील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात वेगवान जाळे हवे होते, आणि त्यासाठी भरपूर माहिती वाहून नेणारे काही तरी काम दाखवणे आवश्यक होते. उपग्रहावरील दूरचित्रवाणी जाळ्यातून खोल्याखोल्यांत पोहोचवायची, हे ते काम. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या विद्यार्थी-प्रकल्पाचा ग्राहक-भाग म्हणजे 'व्हिडिओलॅन क्लायंट', व्हीएलसी. १ फेब्रुवारी २००१ पासून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला झाला. प्रक्षेपणाच्या जगातून आल्यामुळे त्या जगाची सारी दुखणी त्याने ओळखीची मानली. एक ओळ सोडून एक ओळ रंगवण्याच्या जुन्या पद्धतीमुळे हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. त्यावर त्याने 'डीइंटरलेस'ची कळ दिली. आवाज ओठांच्या मागेपुढे झाला तर जे आणि के या कळा दिल्या. हे फेरफार नव्हेत, दुरुस्त्या आहेत. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

चौकट

व्हीएलसीमध्ये ए ही कळ दाबत गेले की पडद्यावर आकडे बदलत जातात : १६:९, ४:३, १६:१०, २.२१:१, २.३५:१, २.३९:१ इत्यादी. चित्रपटाचा इतिहास इतक्या थोडक्यात दुसरीकडे कोठे सापडणार नाही. ४:३ हे एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन याने ३५ मिलिमीटर फितीवर चार छिद्रांची चौकट आखली तेव्हाचे. बोलपट आल्यावर ध्वनीच्या पट्टीसाठी जागा काढावी लागली, आणि १९३२ साली अमेरिकेतील अकादमीने जवळपास तेच, १.३७:१ हे गुणोत्तर प्रमाण मानले. दूरचित्रवाणीने चित्रपटाकडून ४:३ घेतले. मग घरी बसलेला प्रेक्षक परत आणण्यासाठी चित्रपट रुंद झाला : १९५३ मध्ये 'द रोब'पासून सिनेमास्कोप, १९५५ मध्ये 'ओक्लाहोमा'पासून टॉड-एओ. आपल्याकडे मुंबईत गुरुदत्त यांनी १९५९ साली 'कागज़ के फूल' सिनेमास्कोपमध्ये काढला. १६:९ हे या सर्वांनंतरचे. १९८० नंतरच्या दशकात कर्न्स पॉवर्स याने ४:३ आणि २.३५:१ यांच्या मधोमध बसेल असे गुणोत्तर सुचवले. दोन्ही टोकांचे चित्रपट सारख्याच प्रमाणात काळ्या पट्ट्या सोडून मावावेत, हा त्यातील न्याय.

म्हणजे १६:९ ही चौकट काळ्या पट्ट्या गृहीत धरूनच जन्मली. पण काळी पट्टी म्हणजे पडद्याची वाया गेलेली जागा, असे मानण्याची वृत्ती बळावली, आणि जुन्या चित्रपटांना ती भोवली. ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणले की प्रत्येक चेहरा बरोबर एकतृतीयांशाने रुंद होतो. ताणण्याऐवजी वरून-खालून कापले तर चित्राची एकचतुर्थांश उंची जाते. प्रभातच्या 'संत तुकाराम'चा (१९३६) विचार करावा. दामले-फत्तेलाल यांनी रचलेली दृश्ये जवळजवळ चौरस अशा चौकटीसाठी आहेत. विष्णुपंत पागनीसांची कृश, उभी आकृती त्या चौकटीत जशी बसते तशी रुंद चौकटीत बसणार नाही. ताणलेल्या प्रतीत तुकाराम धष्टपुष्ट होतो आणि कापलेल्या प्रतीत त्याच्या डोक्यावरचे आकाश नाहीसे होते.

हे केवळ रसिकांचे नाक मुरडणे नव्हे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पण ८ जानेवारी २००३ रोजी त्याच्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह अनेक जुन्या फिती जळाल्या. मूळ फिती अशा उणावत गेल्या, की सामान्य प्रेक्षकासाठी तबकडीवरची वा महाजालावरची प्रत हाच तो चित्रपट होऊन बसतो. ती प्रत ताणलेली असेल, आणि ती ताणलेली आहे हे आपल्या ध्यानात येत नसेल, तर नष्ट होणे पुरे होते.

येथे ए ही कळ कामास येते. अनेकदा दोष चित्रात नसून चिठ्ठीत असतो. डीव्हीडीवर ४:३ आणि १६:९ दोन्ही चित्रे पाल पद्धतीत ७२० × ५७६ एवढ्याच आकड्यांत साठवलेली असतात. कोणते किती ताणायचे, हे सोबतची एक खूण सांगते. फाइल बनवताना ती खूण हरवली वा चुकली तर प्लेअर भाबडेपणाने चूक दाखवतो. पाहणाऱ्याने ४:३ ची सक्ती केली की तुकाराम पुन्हा कृश होतो. कापून टाकलेले मात्र कोणतीही कळ परत आणू शकत नाही.

आवाज

इक्वलायझर हा शब्द ध्वनिमुद्रणापेक्षा दूरध्वनीच्या तारांशी अधिक जुना आहे. लांब तारेत वरच्या कंप्रतेचे स्वर खालच्या स्वरांपेक्षा अधिक क्षीण होत. ते पुन्हा समान करणारे मंडल, ते इक्वलायझर. जे मूळ होते तेथे परत नेणे, हा त्याचा नावातच असलेला हेतू. घरगुती संगीत-यंत्रांवर आल्यावर तो आवडीची बाब झाला, आणि १९९७ सालच्या विनॲम्पने दहा पट्ट्यांचे त्याचे रूप संगणकावर रूढ केले. ६०, १७०, ३१०, ६०० हर्ट्झ आणि पुढे १, ३, ६, १२, १४, १६ हजार हे विनॲम्पचे आकडे व्हीएलसीत आजही मूळ मांडणी म्हणून आहेत. प्रमाण मांडणीत प्रत्येक पट्टी आधीच्या दुप्पट असते. ती हवी असल्यास वेगळी निवडावी लागते. शेवटच्या तीन पट्ट्या अशा प्रांतात दाटीने बसल्या आहेत, जेथे उतारवयाच्या कानांना फारसे काही ऐकूच येत नाही.

तरीही इक्वलायझरला जुन्या चित्रपटांच्या बाबतीत एक रास्त काम आहे. त्या काळच्या चित्रगृहांत छिद्रे पाडलेल्या पडद्यामागे मोठाले कर्णे असत आणि वरचे स्वर वाटेतच मंदावत. ध्वनिमुद्रकांना हे ठाऊक होते आणि ते वरचे स्वर चढे ठेवीत. १९३८ साली अकादमीने चित्रगृहातील हा उतार एका वक्ररेषेत बांधून प्रमाण केला. असा ध्वनी आजच्या सपाट प्रतिसादाच्या हेडफोनवर जसाच्या तसा ऐकला तर तो कर्कश आणि फुसफुसणारा वाटतो. प्रत बनवताना ती दुरुस्ती झालेली नसेल, तर सहा हजारांवरील पट्ट्या खाली ओढणे हे मुद्रकाने गृहीत धरलेले चित्रगृह परत उभे करणेच होय.

आवाजाच्या उंचीची गोष्ट याच्या उलट आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवले, की आवाज लहान केला की कानाला खर्जाचे स्वर इतरांपेक्षा अधिक मंद वाटतात. म्हणून चित्रगृहासाठी केलेले ध्वनिमिश्रण घरी हळू आवाजात ऐकले की त्याचा तोल ढळतो. बहुवाहिनी ध्वनी दोन स्पीकरांत ओतला की संवाद दबतात आणि स्फोट दणदणतात. मग पाहणारा आवाजाची पट्टी शंभराच्या पुढे नेतो. व्हीएलसी ती १२५ टक्क्यांपर्यंत नेऊ देतो, पूर्वीच्या आवृत्त्या २०० पर्यंत नेऊ देत. शंभराच्या पुढे नवा आवाज येत नाही. आहेत ते आकडे वाढवले जातात आणि लाटांचे शेंडे कापले जातात. त्यापेक्षा 'कॉम्प्रेसर' किंवा 'नॉर्मलाइझ' बरे, असा सल्ला दिला जातो, आणि रात्री शेजारी झोपले असताना तो योग्यही आहे.

पण त्याची किंमत काय, हे 'कुंकू'वरून (१९३७) कळते. शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरले नाही. दृश्यात जे वाजेल तेच ऐकू यावे, असा कटाक्ष ठेवला. तेथील शांतता म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे, ती मुद्दाम केलेली रचना आहे. सर्व काही एका पातळीवर आणणारे यंत्र अशा ठिकाणी काय करील? शांतता म्हणजे काही तरी कमी पडले आहे, असे समजून ते फितीची खरखर वर उचलील. दिग्दर्शकाने जेथे काहीही ठेवले नाही, तेथे ते कचरा ठेवील.

जुळवणे आणि बदलणे

तंबोऱ्याच्या खुंट्या प्रत्येक मैफलीपूर्वी पिळाव्या लागतात. हवा बदलते, तारा उतरतात. त्याला कोणी रागात केलेली ढवळाढवळ म्हणत नाही. उलट न जुळवता गायला बसणे हाच अपराध. मीडिया प्लेअरच्या पट्ट्यांकडे पाहताना हा भेद उपयोगी पडतो. चौकटीचे गुणोत्तर दुरुस्त करणे, मोजपट्टी जुळवणे, ओठ आणि आवाज एका क्षणी आणणे, जुन्या ध्वनीचा चढेपणा उतरवणे, ही जुळवणी आहे. कृष्णधवल सावल्या आपल्याला गडद वाटतात म्हणून ब्राइटनेस चढवणे, पडदा भरावा म्हणून चित्र ताणणे, शांततेला पातळीवर आणणे, हा बदल आहे. बदलाचाही पाहणाऱ्याला अधिकार आहे. ज्याची दृष्टी वा श्रवण अधू आहे त्याच्यासाठी तर ती गरज आहे. फक्त आपण काय करतो आहोत, हे ठाऊक असावे.

यातून निघणारा निष्कर्ष जरा अनपेक्षित आहे. 'कशालाही हात न लावणे' म्हणजे मूळाशी प्रामाणिक राहणे नव्हे. पट्ट्यांची पहिली जागा ही मूळ कृतीची जागा नसून वाटेतल्या अनेक मध्यस्थांच्या गृहीतकांची बेरीज असते. मूळ रूप जपून ठेवल्याने मिळत नाही. ते माहितीच्या आधारे पुन्हा गाठावे लागते.

दरम्यान वारे उलट दिशेने वाहू लागले आहेत. नवे दूरचित्रवाणी संच न विचारता चित्र 'सुधारतात' : रंग भडक करतात, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची काल्पनिक चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करतात. या सोयीविरुद्ध टॉम क्रूझसारख्या नटाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर आवाहन केले, आणि २०१९ साली संच-उत्पादकांच्या संघटनेने हे सारे एका कळीसरशी बंद करणारा 'फिल्ममेकर मोड' आणला. जे करू नये ते न करण्यासाठी स्वतंत्र कळ द्यावी लागली. भ्रमणध्वनीवरील बहुतेक प्रवाही सेवांत तर ना गुणोत्तराची निवड, ना आवाजाच्या विलंबाची. जे येते ते घ्यावे. चिठ्ठी चुकलेली असली तरी ती दुरुस्त करण्याची जागा प्रेक्षकाच्या हाती नाही.

म्हणून संगणकावरच्या त्या जुनाट, बटणांनी गजबजलेल्या खिडकीचे मोल वाटते. तिच्यातील ह्यूची पट्टी निरुपयोगी असेल, १४ हजारांची पट्टी कोणाला ऐकू येत नसेल. तरी ती खिडकी पाहणाऱ्याला जाणता समजते. पुढे केव्हा जुना मराठी चित्रपट लावाल तेव्हा पट्ट्या सरकवण्यापूर्वी एवढे करावे : पडद्यावरचे एखादे चाक, थाळी किंवा पूर्ण चंद्र शोधावा आणि तो गोल आहे की नाही ते पाहावे. गोल नसेल तर ए ही कळ दाबायला संकोच करू नये.